जिंजीहून परतल्यावर मित्रास पत्र

नाशिक,
१४ जुलै २०२६

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मनात जे घोळत होते ते पक्के झाल्यावरच तुला लिहायचे, असे मी ठरवले होते, आणि आता ते पक्के झाले आहे. साठी गाठायला मला अजून आठ वर्षे आहेत; या आठ वर्षांत दरवर्षी भारतातल्या एका राज्यात जायचे आणि तेही केवळ ते राज्य पाहण्यासाठी जायचे, असा निश्चय मी केला आहे. हे सर्वांत आधी तुला कळवतो आहे, कारण यापुढचा टप्पा तुझ्या नांदेडहून सुरू होतो.

आजवर मी देशात फिरलोच नाही असे नाही. चुलतभावाच्या लग्नाला इंदूर पाहिले, प्रशिक्षणासाठी दिल्लीला गेलो, वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो. काशीत तीन दिवस राहिलो. सारनाथ तिथून जेमतेम दहा किलोमीटरवर, तरीही गेलो नाही, कारण काम झाले होते आणि परतीचे तिकीट हातात होते. आपल्या पिढीतल्या बहुतेकांचा प्रवास असाच झाला आहे. कार्य, काम किंवा नवस यांपैकी काही निमित्त असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणे आपल्याला उधळपट्टी वाटत आले, आणि त्या समजुतीने माझे फार नुकसान केले, असे मला आता मनापासून वाटते.

हे मला एका विद्यार्थिनीमुळे उमगले. सव्वीस वर्षे मी मुलांना राजाराम महाराजांचा जिंजीचा प्रवास शिकवत आलो आहे. भिंतीवरच्या नकाशावर रायगडापासून खाली तमिळ देशापर्यंत छडी फिरवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, असे मी वर्गात सांगत असताना ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, जिंजी दिसते कशी?’’ मी म्हणालो, ‘‘रायगडासारखीच.’’ त्या उत्तराने मला अनेक रात्री नीट झोप लागली नाही, कारण मी ती कधी पाहिलीच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत चेन्नई गाठली, तिथून बसने तिंडिवनम आणि पुढे दुसऱ्या बसने जिंजी. आपल्याकडे आभाळ निवळते तेव्हा तिथे ईशान्येकडून पाऊस येतो, हेही मी वर्षानुवर्षे शिकवले आहे. पण अंगावर भिजलो तो या वेळी. गाडीवरच्या पाट्या तमिळमध्ये होत्या. मला एक अक्षरही लागत नव्हते, आणि पन्नाशी उलटलेला शिक्षक निरक्षर माणसासारखा प्रत्येकाला विचारत उभा होता. तिकडच्या कंडक्टरने मला हाताला धरून योग्य गाडीत बसवले, हे मी विसरणार नाही.

आणि जिंजी रायगडासारखी मुळीच नाही. आपला सह्याद्री थराथरांचा, काळ्या कातळाचे कडे एकावर एक रचल्यासारखा. तिथे मात्र ग्रॅनाइटचे प्रचंड गोलसर धोंडे एकमेकांवर कलून उभे आहेत आणि त्यांच्या फटींमधून तटबंदी वर चढत जाते. एक डोंगर आणि त्यावर एक किल्ला, असे ते नाहीच. तीन टेकड्या आहेत, तिन्हींवर स्वतंत्र बालेकिल्ले आहेत आणि तिन्हींना जोडणारा तट खालून फिरला आहे. सर्वांत उंच टेकडी राजगिरी. तिच्या माथ्याशी शेवटच्या दरवाजाआधी खोल दरी आडवी येते आणि ती पुलावरूनच ओलांडावी लागते. शिवाजी महाराजांनी १६७७ साली हा किल्ला घेतला, १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोहोचले, आणि पुढे मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. ही आठ वर्षे मी मुलांना आकडा म्हणून सांगत होतो. वरून तिन्ही टेकड्या एका नजरेत आल्या तेव्हा कळले की एक पडली तरी दोन उरतात, आणि वेढा घालणाऱ्याला केवढा मुलूख घेरावा लागला असेल.

तिथून विळुप्पुरमला येऊन रेल्वेने तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो वाचायचा म्हणूनच गेलो होतो. इतक्या दूर, चोळांच्या देवळात, आपली अक्षरे दिसली तेव्हा डोळे भरून आले. पण मागे वळलो आणि राजराजाने उभारलेले ते शिखर समोर आले. १०१० मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर आपला लेख कोरला गेला तेव्हाच सुमारे आठशे वर्षांचे होते, आणि त्याच्या भिंतींवर जागोजागी तमिळ कोरले होते. त्यात देवळाला दिलेली दाने आहेत, तिथे नेमलेल्या नर्तकींची नावेदेखील आहेत, असे मी वाचले होते. त्यातले एकही अक्षर मला वाचता येत नव्हते. मित्रा, माझा निश्चय खरा झाला तो तिथे. मराठी खुणा शोधत जाणे हे घराबाहेर पडण्याचे चांगले निमित्त आहे, पण जे आपले नाही त्याच्यापुढे उभे राहण्यासाठी जायचे.

म्हणून आता निघण्यापूर्वी त्या राज्याची लिपी शिकायची, असे ठरवले आहे. सध्या रोज सकाळी गुरुमुखीची पस्तीस अक्षरे गिरवतो. पंजाबात तिला पैंतीच म्हणतात. यंदा संत नामदेव जिथे राहिले त्या पंजाबातल्या घुमान गावी जायचे. नामदेव महाराजांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि तुझ्या गावच्या हुजूर साहिबात त्याच ग्रंथाचे पाठ चालतात, तेव्हा हे तुला मी काय सांगावे! २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण दोघांनी जायचे ठरवले होते आणि ते राहून गेले, याची मला अजून चुटपुट आहे. पुढे कधीतरी आसामात ब्रह्मपुत्रेतले माजुली बेट आणि तिथली संत शंकरदेवांच्या परंपरेची सत्रे, म्हणजे वैष्णव मठ, पाहायची आहेत. तिथे मराठी खूण एकही सापडली नाही तरी चालेल.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडवरून जाते. तू नांदेडला बस, मी मनमाडला चढतो. अमृतसरहून पुढे बसने घुमान. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि दिवाळी आठ नोव्हेंबरला आहे, तेव्हा ऑगस्ट संपण्यापूर्वी तुझा होकार कळव. गुडघ्याचे कारण सांगू नकोस. पंजाबात चढायला डोंगर नाही. वहिनींनाही यायचे असेल तर तीन तिकिटे काढीन.

तुझा,
बाकावरचा सोबती