पासाची वही

गोवंडी, मुंबई
१४ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू जे विचारले आहेस त्याला फोनवर नुसते ‘हो’ म्हणून मोकळे होणे मला जमेना, म्हणून उत्तराला उशीर झाला. कऱ्हाडच्या आपल्या वर्गाने जमवलेले दोन लाख रुपये माझ्या वस्तीत एखादी कायमची वास्तू उभारण्यासाठी द्यावेत आणि तिच्यावर बॅचच्या नावाची लहानशी कोनशिला बसवावी, ही कल्पना मनापासूनची आहे हे मी जाणतो. तरीही बांधकामासाठी हे पैसे घेण्याचे माझ्या मनात नाही. का, ते सविस्तर सांगतो. रागावायचे असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागाव.

माझी वस्ती, शिवाजीनगर, तू पाहिलेली नाहीस. १९२७ पासून मुंबईचा कचरा रिचवणाऱ्या देवनारच्या कचराभूमीला अगदी लागून, सत्तरच्या दशकात, शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या कुटुंबांना साधारण १० बाय १५ फुटांचे तुकडे आखून देऊन ही वसाहत वसवली गेली. त्यामुळे येथील गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना क्रमांकही आहेत. नवख्या माणसाला हे पाहून आश्चर्य वाटते. त्या आखीव तुकड्यांवर नंतर एकाचे दोन आणि दोनाचे तीन मजले चढले आणि आखणीबाहेरची वस्ती खाडीच्या दिशेने पसरत गेली. वरच्या मजल्यांवर जरीकामाचे आणि शिलाईचे कारखाने आहेत, आणि एकेका खोलीत आठ-दहा कारागीर राहतात, तेथेच काम करतात, तेथेच झोपतात. घरात संडास असणारे थोडे. बाकी सारे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून.

मी ज्या शौचालयाच्या समितीबरोबर काम करतो ते जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या मुंबईच्या मलनिःसारण प्रकल्पातील झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमाच्या काळचे आहे. त्या कार्यक्रमाची मूळ कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. बांधून द्यायचे महापालिकेने, चालवायचे वस्तीच्या नोंदणीकृत संस्थेने, आणि बांधण्याआधी प्रत्येक प्रौढाकडून १०० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी वर्गणी घ्यायची, म्हणजे ही वास्तू आपली आहे असे लोकांना वाटेल. आमच्याकडे २० सीटा आहेत. तेव्हाचा हिशेब ५० माणसांमागे एका सीटचा होता. स्वच्छ भारत अभियानाने पुढे ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक असे प्रमाण धरले, आणि त्या मापाने आमचे शौचालय कधीच अपुरे पडले आहे. केअरटेकर आपल्या कुटुंबासह शौचालयावरच्याच खोलीत राहतो. पहाटे पाचला रांग लागते ती आठपर्यंत हलत नाही.

आता हिशेब ऐक, कारण तुला हिशेबाखेरीज काही पटत नाही. आमच्या वहीत १६० कुटुंबे होती आणि महिन्याचा पास १०० रुपयांचा. पैकी पास नियमित भरणारी कुटुंबे ११०, म्हणजे ११,००० रुपये. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सुटे पैसे धरून १४,००० होत. केअरटेकरचे मानधन ७,०००, वीज ३,८००, पाणी २,०००, फिनेल-झाडू-बल्ब ९००. उरले ३०० रुपये. सेप्टिक टाकीचा गाळ वर्षातून दोनदा उपसावा लागतो आणि एका वेळचे ९,००० लागतात. वर्षाला शिल्लक ३,६०० आणि खर्च १८,०००, तेव्हा तूट १४,४०० रुपयांची. तुझ्यातला बँकवाला लगेच म्हणेल की दोन लाखांची मुदत ठेव ठेव, सात टक्क्यांनी तूट जवळपास भरून निघेल. हा विचार माझ्याही मनात आला होता. पण बाहेरून पैसे आले आहेत ही बातमी येथे एका दिवसात सर्व गल्ल्यांत पोहोचते, आणि जे ११० भरत होते त्यांतले ३० दुसऱ्याच महिन्यापासून ‘आता कशाला?’ म्हणू लागतात. हे मी अनुभवाने सांगतो. येथे आल्यावर दुसऱ्या वर्षी एका देणगीदाराकडून मी अभ्यासिका बांधून घेतली होती, फीतही कापली होती. दिव्याचे बिल कोणी भरायचे हे मात्र मी कोणाला विचारलेच नव्हते. आज तेथे मंडपाचे बांबू आणि खुर्च्या ठेवलेल्या आहेत. तो दोष इतर कोणाचा नाही.

टाकीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला ही गोष्ट दिसतच नाही. सक्शनची गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. ती नाक्यावर उभी करून लांब पाइप जोडावा लागतो, त्यासाठी दोन दुकानदारांना तासभर फळ्या काढायला लावाव्या लागतात, आणि त्या तासाभराचा वास त्यांच्या गिऱ्हाइकांना सोसावा लागतो. गाडी आली नाही की टाकी भरते, सीटांमधून पाणी उलटू लागते, आणि मग कोणीतरी हळूच सुचवते की दोन माणसे बोलावू, रात्रीत बादल्यांनी उपसतील, स्वस्तात होईल. माणसाला असे टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्या विषारी वायूत माणूस पाठवणे मला शक्य झाले नसते. पण तूट जितकी मोठी, तितका हा मोह जवळचा, हे मी समितीच्या बैठकीत बसून पाहिले आहे. सुचवणारी माणसेही वाईट नव्हती.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही एक साधे काम केले. न भरणारी ५० कुटुंबे कोण आहेत हे पाहण्यासाठी वही घेऊन घरोघरी गेलो. मी, केअरटेकरची मुलगी, आणि सारी गल्ली जिला खाला म्हणते ती वयस्क बाई. माझी समजूत अशी की लोक चुकार आहेत. निघाले वेगळेच. वहीतील नावे पहिल्या वर्गणीच्या वेळची होती, आणि ती वर्गणी फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र, असलेल्या घरमालकांकडून घेतलेली. त्यांतले कित्येक आता मुंब्र्याला नाहीतर कल्याणला राहतात आणि खोल्या भाड्याने देतात. मालक म्हणतो, वापरत नाही तर भरू कशाला. भाडेकरू म्हणतो, माझे नावच वहीत नाही, मला पास देतच नाहीत. ज्या बाई तेथे राहतात, रांगेत उभ्या राहतात, बादली घेऊन येतात, त्या प्रत्येक वेळी सुटे पैसे मोजत होत्या, आणि ते वाचावेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणे कमी करत होत्या. हे एका बाईने सांगितले तेव्हा मला खाली पाहावे लागले. चौदा वर्षे मी या वहीशेजारी बसत होतो.

तुला आठवत असेल, चिता कॅम्पबद्दल मी पूर्वी लिहिले होते. १९७६ मध्ये जनता कॉलनी ही झोपडवस्ती उठवून तेथील लोकांना चिता कॅम्पला नेले गेले. त्या कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुथम आयुष्यभर वस्त्यांना एकच आग्रह करत राहिले, की आपली गणती आपणच करायची. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी ‘महिला मिलन’ या आपल्या संघटनेतून हेच हत्यार चालवले. मला ते सारे मोठ्या लढ्यांच्या कामाचे वाटे. एका शौचालयाच्या वहीतही कोण मोजला जातो आणि कोण सुटतो हा तोच प्रश्न आहे, हे मला उशिरा कळले. पाण्याच्या बाबतीतही असेच होते. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले; पण जोडणी मिळते ती घरांच्या गटाला, आणि गटाच्या यादीत भाडेकरूचे नाव घालायला सचिव धजत नाही. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

समितीत यावर तीन बैठका भांडणातच गेल्या. भाडेकरूला पास दिला तर तो उद्या हक्क सांगेल, ही भीती जुन्या सभासदांना होती, आणि पुनर्विकासाच्या अफवांमुळे ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. शेवटी खालानेच तोड काढली. पासावर ‘वापरासाठी’ असे लिहायचे, आणि राहणाऱ्याचे नाव घालायचे. डिसेंबरअखेर पास १३७ झाले. सत्तावीस पास वाढले, म्हणजे महिन्याला २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये. टाकीची तूट भरून वर काही उरते. कारखान्यांतील कारागिरांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांचे पैसे मालकाने भरावेत असे आम्ही म्हणतो, मालक हसतो.

तेव्हा तुझ्या दोन लाखांपैकी मला साधारण ४०,००० हवेत. एक सीट कमोडची करायची आहे, तिला दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या बसवायच्या आहेत, आणि बायकांच्या बाजूला दिवे व आतून लागणाऱ्या कड्या नव्या करायच्या आहेत. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आणि दिवस भरलेल्या बायका आज भिंतीला धरून बसतात. हा खर्च एकदाच होणारा आहे, त्यामुळे पास बुडण्याचे भय नाही. कोनशिलेसाठी जागा नाही. असती तरी खालाने तेथे बादल्या टांगल्या असत्या. बाकीची रक्कम मुलांच्या शाळेसाठी किंवा गावाकडे जेथे तुम्हाला योग्य वाटेल तेथे द्या, मला वाईट वाटणार नाही.

आणि खरी मागणी वेगळीच आहे. संस्था नोंदणीकृत आहे, त्यामुळे दरवर्षी लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावा लागतो. आमचा तीन वर्षांचा राहिला आहे. पावत्या आहेत, पण त्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. केअरटेकरची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे; तिचे अक्षर सुरेख आहे आणि डोके त्याहून. पण जमाखर्च ताळेबंदापर्यंत कसा न्यायचा हे तिला कोणी शेजारी बसून शिकवलेले नाही. तू छत्तीस वर्षे बँकेत काढलीस आणि निवृत्तीनंतर सकाळी दोन-दोन वर्तमानपत्रे वाचतोस, हे वहिनींनी मला सांगितले आहे. सहा रविवार दे.

ये तेव्हा हार्बर मार्गाने गोवंडीला उतर, मी स्टेशनवर येईन. तेथून शेअर रिक्षा मिळते. सकाळी दहाच्या आत येऊ नकोस, त्याआधी त्या मुलीला पासांचे पैसे घ्यायचे असतात. चपला जुन्या घाल. चष्मा विसरू नकोस, पावत्यांची शाई फिकी झाली आहे.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा जुना सोबती