'मध्यम' म्हणजे नेमके किती मीटर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतले धावण्याच्या वाटांचे सदर मी आवडीने वाचते. मध्यंतरी त्यातल्या एका वाटेने मला मोहात पाडले. १२ किलोमीटरचा लूप, म्हणजे निघालो तिथेच परत. शेतांच्या कडेने पायवाट, जुना दगडी पूल, टेकडीवर टेहळणीचा बुरूज आणि माथ्यावरून चौफेर दृश्य. खाली शेरा होता, 'काठिण्य : मध्यम'. सपाट रस्त्यावर १२ किलोमीटरला मला सव्वा तास लागतो. चढ आहे म्हणून वर पंधरा मिनिटे धरली, अर्धा लिटर पाणी घेतले आणि निघाले. परतले तेव्हा सव्वादोन तास होऊन गेले होते. पाणी बुरुजापाशीच संपले होते आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता.

वाट सुरेख आहे, हे आधीच सांगते. माझे भांडण आहे ते त्या 'मध्यम'शी.

मध्यम कुणासाठी? लिहिणाऱ्याचे पाय डोंगरात तयार झालेले असतील, तर त्याचा मध्यम माझ्यासारख्या सपाटीवरच्या बाईला उरी फुटायला लावतो. अंतर मोजता येते म्हणून ते आकड्यात छापले जाते. चढही मोजता येतो, पण तो मात्र विशेषणावर भागवला जातो. घरी आल्यावर मी नकाशा उघडून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मोजत बसले. एकूण चढ भरला सुमारे ४३० मीटर, आणि त्यातला ३०० मीटर सातव्या ते नवव्या किलोमीटरच्या दरम्यान, म्हणजे पाय आधीच थकलेले असताना. तिथे नकाशावरच्या रेषा एकमेकींना चिकटूनच काढल्या आहेत. हे एवढे जरी आधी ठाऊक असते, तरी मी पहिले सहा किलोमीटर असे उधळले नसते.

लूपच्या वाटेवर एक फसगत असते. जितके चढायचे तितकेच उतरायचे, तेव्हा शेवटी हिशेब फिटला असे वाटते. तो फिटत नाही. शरीरक्रियेचे अभ्यासक अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींत धावणाऱ्यांना तिरक्या ट्रेडमिलवर पळवून चढ-उताराला लागणाऱ्या ऊर्जेचा खर्च मोजला. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० मीटर जाताना १० मीटर वर नेणाऱ्या चढावर दर मीटरला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर ती सपाटीपेक्षा कमी लागते खरी, पण चढाने खाल्लेले सगळे काही उतार परत देत नाही. शिवाय उतार २० टक्क्यांपलीकडे, म्हणजे १०० मीटरला २० मीटरहून जास्त, गेला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण तिथे शरीर पळण्यापेक्षा स्वतःला आवरण्यातच गुंतलेले असते.

माझ्या कठड्याचे कारणही तेच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेक लावायला आकुंचनही पावत असतो. त्याचे दुखणे लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोहोचते. चढाला आपण भितो, पण मांड्या भरून येतात त्या उताराने. तीन आठवड्यांनी मी तीच वाट पुन्हा धावले, तेव्हा दुखणे निम्म्यानेही नव्हते. एकदा असा उतार सोसला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याला सरावलेले राहतात, हे तोवर मी फक्त वाचले होते.

चढ हिशेबात धरण्याची युक्ती काही आजची नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी सोपा ठोकताळा दिला होता : दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाला वर आणखी एक तास. डोंगरवाटांवर धावणारे आज १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा एक किलोमीटर असे धरतात. त्या मापाने माझे १२ किलोमीटर १६ च्या वर गेले, म्हणजे जवळजवळ पावणेदोन तास. उरलेला अर्धा तास मी बुरुजावर बसून काढला, तो वाटेच्या माथी मारत नाही.

आणि तो अर्धा तास वाया गेला असे तर मुळीच म्हणणार नाही. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर दिसते. सपाटीपासून १०० मीटर वर गेलो की ते सुमारे ३६ किलोमीटरवर सरकते. पुढे मात्र ते अंतर दुप्पट करायला उंची चौपट करावी लागते. टेहळणीची जागा निवडणाऱ्यांना हे सूत्र ठाऊक असो-नसो, त्यांना हवे होते ते हेच : लांबून येणारा दिसावा आणि त्याला इथवर पोहोचता-पोहोचता धाप लागावी. शेवटच्या वळणावर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले, तेव्हा ती योजना अजून उत्तम चालते आहे याची मला खात्री पटली. इतिहास आणि चढ अशा वाटांवर बहुधा जोडीनेच येतात. मॅरेथॉनचेच पाहा. १८९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्पिरिदोन लुईस मॅरेथॉन गावाहून धावत अथेन्सला आला आणि जिंकला. अथेन्सची आजची शर्यतही मॅरेथॉनहूनच निघते, तिथल्या प्राचीन लढाईत पडलेल्या अथेन्सवासीयांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा घालते आणि दहाव्या किलोमीटरनंतर एकतिसाव्यापर्यंत बहुतेक चढतच राहते. ४२.१९५ किलोमीटर सपाट शहरातही तेवढेच असतात, पण पायांना विचारा.

आता सदरातल्या एका वाक्याला माझी हरकत. 'शेवटी बुरुजाच्या पायऱ्या वेगाने चढून दम आजमावा,' असे त्यात लिहिले होते. त्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि बाजूची भिंत चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून उभी आहे. तिथला एक दगड हलला की शेजारच्यांचाही आधार जातो. दम आजमावायला खालची अख्खी टेकडी आहे. पायऱ्या चालत चढाव्यात. तसेच ते नागमोडी वळणांचे. वळण वाचवून सरळ वर घुसणाऱ्यांनी तिथे तीन आडवाटा पाडल्या आहेत. पावसाचे पाणी त्याच सरळ वाटेने धावते आणि काही पावसाळ्यांत तिची घळ होते. मग मूळ पायवाटही तिच्यासोबत ढासळू लागते.

म्हणून विनंती एवढीच की यापुढे प्रत्येक वाटेखाली अंतराशेजारी एकूण चढ मीटरमध्ये छापावा आणि मोठा चढ कितव्या किलोमीटरला आहे ते एका ओळीत सांगावे. पायाखाली माती आहे, मुरूम आहे की सुटे दगड, हेही लिहावे. माझ्या वाटेवरचा उतार निम्मा घसाऱ्याचा होता. पाणी कुठे मिळते याचा उल्लेख तर हवाच. हे सगळे लिहून झाल्यावर 'मध्यम' छापायला माझी ना नाही.

आपली,
सपाटीवरची एक वाचक

ता. क. : चढाचा आकडा कुणाच्या मनगटावरून घेऊ नये. दुसऱ्या फेरीत माझ्या घड्याळाने ४४१ मीटर दाखवले आणि शेजारी धावणाऱ्या मैत्रिणीच्या फोनने ५२०. उपग्रहावरून उंची काढणारी उपकरणे बारीकसारीक चुकांचीही बेरीज करत जातात. हवेच्या दाबावर चालणारी त्या मानाने बरी. नकाशावरच्या रेषा मोजून आकडा द्यावा. मैत्रीण अजून ५२० वरच अडून बसली आहे.