बॅटरीच्या खोलीवर छप्पर कसलं आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरड्या प्रदेशातल्या दुर्गम गावांनी डिझेल जनित्र सोडून सौर विजेकडे वळावं, हे आता कुणाला पटवावं लागत नाही. चर्चा मात्र अजूनही पॅनेल किती किलोवॉटचं, एवढ्यावरच अडते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. गाव अंधारात जातं ते बहुधा बॅटरीपायी.

४० घरं, प्रत्येकी रोज ३०० वॉट-तास, म्हणजे दिवसाला १२ युनिट. धुळीच्या वादळात दोन दिवस निभावायचे आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, तर ४८ युनिटांची बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) हवी: ४८ व्होल्टला १००० अँपिअर-तास. निविदेत पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री इथेच लागते. निम्मी बँक सुरुवातीला बिनतक्रार चालते, म्हणून चूक दिसत नाही. पण रोज खोलवर उतरणाऱ्या आणि पुरत्या न भरणाऱ्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. रात्री दिवे लवकर जाऊ लागतात. मग कुणीतरी लो-व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी फार उतरली की वीज तोडणारी सोय) टाळून तार थेट बॅटरीला जोडतो, आणि उरलीसुरली बँकही जाते. त्याला दोष देण्यापेक्षा घरटी युनिटची मर्यादा घालणारं मीटर आधीच बसवावं.

उष्णतेचं गणित तर कुणी मांडतच नाही. लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण २५ अंशांना धरलेलं असतं. त्यापुढे दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं, आणि आपण बॅटऱ्या ठेवतो पत्र्याखाली! जाड मातीच्या भिंती, सावलीतलं छप्पर, चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर पडायला वर झरोका, एवढी खोली गावातलेच गवंडी बांधतील. लिथियम फॉस्फेट बॅटरी खोल उतार सोसते खरी, पण तापली की तिचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग थांबवतं, तेही भर दुपारी, ऊन जोरात असताना.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. बोअरच्या खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड आणि लोह प्लेटा खातात. त्याच पाण्याने पॅनेल धुतलं तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. पहाटे काच थंड असताना मऊ कापडाने पुसलेलं बरं, कारण दव पडून ऊन चढलं की धूळ सिमेंटसारखी धरते.

देखभाल करणाऱ्याच्या हाती हायड्रोमीटर द्यावा आणि महिन्याला प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता त्याने मोजून वहीत लिहून घ्यावी. सेलांमध्ये ०.०३ पेक्षा जास्त फरक दिसला, तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) लगेच द्यावा.

आपला,
एक वाचक