महासीरच्या धरणांत सायप्रिनस सोडू नका : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

पावसाळ्यात राज्यभर तलाव-धरणांत बोटुकली, म्हणजे माशांचे बोटभर लांबीचे बीज, सोडायची धांदल उडते. कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्पही पाण्यात जातो. सह्याद्रीतल्या ज्या धरणांत महासीर आहे, तिथे आणि त्यांच्या पाणलोटातल्या तळ्यांत हा मासा सोडण्यावर बंदी घालावी, एवढ्यासाठी आम्ही गळाने मासेमारी करणारे हे लिहीत आहोत.

बंदिस्त तळ्यात सायप्रिनस उत्तम. झपाट्याने वाढतो, मच्छीमार संस्थांच्या हाती पैसा देतो. 1939 साली उटीला आणि 1957 साली बँकॉकहून कटकला तो आणला गेला तो माणसांच्या पोटासाठीच. घोटाळा होतो तो त्याच्या विणीमुळे. कटला-रोहूला अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. सायप्रिनसला साचलेले पाणी आणि काठचे गवत पुरते. वर्षातून दोनदा वीण, मादीच्या वजनाच्या दर किलोला लाखाच्या वर अंडी. एकदा धरणात रुजला की पुढे बीज सोडा किंवा नका सोडू, तो वाढतच राहतो.

तो तोंड नळीसारखे पुढे काढून तळाचा गाळ ओढतो, अळ्या-गोगलगायी घशातल्या दातांनी चिरडतो आणि उरलेला गाळ बाहेर टाकतो. असे शेकडो मासे उथळ पाण्यात चरू लागले की पाणी गढूळ होते, पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात आणि गढूळ पाण्यात ऊन पोचत नसल्याने पुन्हा धरत नाहीत. मरळ त्याच गवतात घरटे करून पिल्ले राखते. महासीर गळाला लावलेला, पाण्यात फिरणारा चकचकीत धातूचा चमचा पाहून झेपावतो. हातभर खोलीवर चमचा दिसेनासा झाला तर झेपावणार कशावर? तळाशी कणकेचा गोळा टाकावा, तर आधी सायप्रिनसच लागतो.

आणखी एक कार्प, सिल्व्हर कार्प, 1971 मध्ये पुरामुळे मत्स्यफार्ममधून निसटून हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात शिरला. पुढे त्याने तिथल्या कटल्याला मागे सारले, कारण दोघांचे खाणे एकच, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक. आपलाही दोष सांगायला हवा. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला दख्खनी महासीर कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या कुबड्या महासीरवर संकट आले. दख्खनी महासीरची शास्त्रीय नोंद 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून झाली. इथे तो घरचा, कावेरीत परका. म्हणून कुठलेही बीज सोडताना नदीचे खोरे पाहिलेच पाहिजे.

शिरलेला सायप्रिनस काढणे किती अवघड, ते ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर दिसते. ट्राउटच्या गळमासेमारीसाठी नावाजलेल्या लेक क्रेसेंटमध्ये 1995 साली तो सापडला. विणीच्या जागा जाळ्यांनी अडवल्या, रेडिओ बसवलेले नर पाण्यात सोडून त्यांच्या मागावर कळप शोधले, तरी शेवटचा मासा निघायला 2007 उजाडले. आपली धरणे त्याहून खोल, काठ वेडेवाकडे.

जिथे तो आधीच आहे तिथे निदान वीण मोडता येईल. बीजकेंद्रात अंडी घ्यायला हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या लावतात, तशाच काठच्या उथळ पाण्यात दोरीला बांधाव्यात. अंडी चिकटली की दुसऱ्या दिवशीच जुड्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात. आपल्याकडच्या उबेत अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, एक दिवस चुकला तर मेहनत वाया. हे काम संस्थांच्या सभासदांना रोजंदारीवर द्यावे. वरच्या तळ्यांच्या सांडव्याला जाळी लावून भागत नाही. जेमतेम दीड मिलिमीटरचे अंडे आणि नुकते फुटलेले पिल्लू त्यातून जाते, आणि बारीक जाळी घातली तर पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने तुंबून फाटते. त्यामुळे पाणलोटात बंदीच हवी.

शेवटी बीजाच्या पिशव्यांची तपासणी. बोटुकली सोडण्याआधी प्रत्येक खेपेतून मूठभर पिल्ले पांढऱ्या परातीत घेऊन पाहावीत. मिशांवर विसंबू नये, कारण सायप्रिनस आणि महासीर दोघांनाही मिशांच्या दोन जोड्या असतात. पाठीचा पर पाहावा : महासीरचा आखूड, सायप्रिनसचा लांब, जवळजवळ शेपटीकडे पोचणारा आणि पुढच्या काट्याला करवतीसारखे दाते. असे एकही पिल्लू दिसले तर अख्खी खेप परत पाठवावी, आणि तशी अट ठेक्याच्या करारातच घालावी.

आपले,
गळाने मासेमारी करणारे काही हौशी मासेमार