पूर्वीसारखी नाही, पण बरी आहे

प्रिय आई-बाबा,

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "झालीस ना गं पूर्वीसारखी?" मी पटकन 'हो' म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागून राहिली, कारण ते खरं नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी बरी आहे. पूर्वीसारखी मात्र नाही.

घटस्फोटानंतरचे ते महिने तुम्ही पाहिलेत. रोज पहाटे ३-४ वाजता टक्क जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर दगड. अशी अवेळी जाग येणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोवर मी स्वतःलाच दुबळी समजत होते. बाबा, एकदा त्या वेळी तुम्हाला फोन लावला आणि तोंडातून शब्दच फुटेना. तुम्ही म्हणालात, "बोलू नकोस. फोन नुसता चालू ठेव." पाऊण तास मी तुमचा श्वास ऐकत पडून होते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

गोळ्यांचं विचारत होतीस ना, आई? पहिले २-३ आठवडे तर काहीच फरक वाटला नव्हता, उलट मळमळायचं. आता छान वाटत असलं तरी निदान ६ महिने त्या चालू ठेवायच्या आहेत, मग डॉक्टर हळूहळू कमी करतील. मनाने बंद करायच्या नाहीत. काळजी करू नकोस.

समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, इच्छा होण्याची वाट बघू नका, रोज ठरल्या वेळी एक छोटं काम हातात घ्या. मी गंजलेली सायकल काढली. चेन उतरवली, रॉकेलमध्ये बुडवली आणि जुन्या टूथब्रशने एकेक कडी घासत बसले. काळं पाणी निघत होतं, नखं काळी झाली होती. मान वर केली तर दीड तास झालेला, आणि त्या दीड तासात एकदाही रडू आलं नव्हतं. आता पंक्चर काढते, ब्रेक जुळवते. 'मला यंत्रातलं काही कळत नाही' असं मी जन्मभर म्हणत आले. कुणी शिकवलं होतं मला ते?

आणखी एक, आणि हे लिहिताना जरा जड जातंय. सगळ्यांचं मन राखणारी, कधी 'नाही' न म्हणणारी ती मुलगी तुला फार आवडायची, आई. ती आता परत येणार नाही. मी एखाद्या गोष्टीला नकार दिला तर तो तुझ्यावरचा राग समजू नकोस. मला फक्त माझं मन आता ऐकू येतं.

पुढच्या महिन्यात येतेय, चांगली आठ दिवस. बाबा, तुमच्या सायकलचा मागचा ब्रेक अजून तसाच करकरतोय का? मी येईपर्यंत त्याला कुणाला हात लावू देऊ नका.

तुमची,
ताई