‘लाईन डाऊन’च्या पलीकडे बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. आमच्या पतसंस्थेच्या खानापूर, नंदगड आणि जांबोटी शाखांची लाईन कधी मंदावली, माहितीचे किती पॅकेट (तुकडे) वाटेत गळाले, हे आज बेळगावच्या मुख्य शाखेत बसून दिसतं. पुण्याहून रिमोट घेऊन हे सगळं तुम्ही एका बैठकीत बसवून दिलं असतं, तरी आम्ही पाया पडलो असतो. तुम्ही तसं केलं नाहीत. ऑफिस सुटल्यावर, स्वतःचं जेवण लांबवून, मला कळेपर्यंत मराठीतून समजावत राहिलात.

पूर्वी आमच्याकडे एकच निदान होतं: लाईन डाऊन. बाजारच्या दिवशी पासबुक घेऊन माणसं ताटकळायची आणि आम्ही लाईनवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचो. “डाऊन म्हणजे कुठून कुठपर्यंत, आणि मोजलं कुणी?” हा तुमचा पहिला प्रश्न. त्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग तुम्ही झॅबिक्स शिकवलंत, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात सर्व्हरनं विचारायचं आणि एजंटनं, म्हणजे पीसीवर बसवलेल्या छोट्या प्रोग्रामनं, सांगायचं, एवढंच मी धरून चाललो होतो. खानापुरात ते चालतं: झॅबिक्सचा सर्व्हर शाखेतल्या पीसीवरच्या एजंटला १००५० पोर्टवर (म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर) विचारतो, एजंट उत्तर देतो. जांबोटीची शाखा मात्र मोबाईल नेटवर आहे. ती मोबाईल कंपनीच्या नॅटमागे (अनेकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देणाऱ्या व्यवस्थेमागे) असल्यामुळे बाहेरून तिचं दार ठोठावताच येत नाही. म्हणून तिथे उलटी दिशा. आतल्या यंत्रानं स्वतः सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर यायचं, काय मोजायचं ती यादी घेऊन जायची आणि मापं आणून द्यायची. कनेक्शन कुणी सुरू करायचं यावर सगळी मांडणी ठरते, हे त्या रात्री डोक्यात शिरलं. आमच्या राऊटरवर एजंट बसवता येत नाही. तिथे एसएनएमपी, म्हणजे यंत्राची हालहवाल विचारायची ठरलेली भाषा, आधीपासून असतेच, १६१ पोर्टवर विचारायचं. बिघाड झाला की राऊटर स्वतःहून १६२वर ट्रॅप, म्हणजे इशारा, पाठवतो, पण तो पोच न घेणाऱ्या यूडीपीवरून येतो, पोचेलच असं नाही. ट्रॅपच्या भरवशावर विचारणं बंद करू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत.

सगळ्यात मोठा उपकार प्रॉक्सीचा, म्हणजे सर्व्हरच्या वतीनं शाखेतच मापं घेणाऱ्या प्रोग्रामचा. जांबोटीचा पाऊस तुम्हाला तुमच्या निपाणीत ऐकून माहीत असेल, आम्ही तो अंगावर घेतो. लाईन जाते ती रात्र रात्र येत नाही. आणि नेमकी त्याच वेळची मापं हवी असतात! शाखेतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तुम्ही प्रॉक्सी बसवायला लावलात. तो जागेवरच मोजतो, साठवतो आणि लाईन आली की सगळं बेळगावला पाठवतो. मूळ सेटिंगमध्ये हा साठा फक्त १ तासाचा असतो. आमच्या पावसाला तो कसा पुरणार? तो तुम्ही ७२ तासांचा करायला सांगितलात. वीज गेल्यावर त्या छोट्या यंत्राचं घड्याळ मागे पडतं, कारण आमच्याकडच्या पायला घड्याळाची बॅटरीच नाही. वेळ चुकली तर मापं ग्राफवर भलत्याच जागी जाऊन बसतात. म्हणून ते आता शाखेच्या राऊटरकडून एनटीपीनं (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीनं) वेळ घेतं, आणि राऊटर यूपीएसवर आहे. इतक्या बारीक गोष्टीपर्यंत कोण कुणासाठी जातं, ताई?

खरा उजेड पडला तो खानापूरच्या ग्राफनं. पिंगची, म्हणजे हाक मारून उत्तर यायला लागणाऱ्या वेळाची, सरासरी बरी दिसत होती. “सरासरीवर जाऊ नकोस, सर्वांत जास्त वेळ कधी लागला ते बघ,” म्हणालात. बघितलं, तर दर सकाळी अकराच्या सुमाराला शिखर. त्याच वेळी मुख्य शाखेच्या राऊटरवरून बाहेर जाणारा ट्रॅफिक कडेपर्यंत भरलेला. बॅकअप बाहेरच्या सर्व्हरवर चढत होता, ऐन गर्दीच्या वेळी! तो रात्रीवर ढकलला आणि खानापूरच्या काऊंटरवरची रांग हलू लागली. ज्या लाईनला आम्ही शिव्या देत होतो, ती धडधाकट होती. जांबोटीत मात्र दोष खरोखर लाईनचाच निघाला. ग्राफ छापून अर्जाला जोडला, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन बिघाड काढून गेला.

बेळगावच्या राऊटरवर किती माहिती वाहिली ते मोजायला ३२ बिटांचा काऊंटर (मोजणारा आकडा) ठेवू नकोस, हेही तुम्हीच सांगितलंत. १०० एमबीपीएसची लाईन पूर्ण भरून वाहिली तर तो पावणेसहा मिनिटांत पहिल्यापासून सुरू होतो, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांतच. पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मध्ये किती फेरे झाले ते कळणारच नाही. आता ६४ बिटांचा आहे.

आमच्या भागातल्या पोरांना हे शिकायचं तर इंग्रजी मॅन्युअलशी झटावं लागतं, नाहीतर महागडा क्लास लावावा लागतो. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. उलट, मी लिहून काढलेली मराठी टिपणं तपासून दिलीत. नंदगडच्या शाखेतली नवी मुलगी त्यावरूनच शिकते आहे. तिथला प्रॉक्सी तिनं एकटीनं उभा केला.

एक काम बाकी आहे. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच जातो, तेव्हा सगळे राऊटर तिसऱ्या आवृत्तीवर न्या, असं तुम्ही म्हणाला होता. बेळगावचा झाला, बाकीचे दिवाळीआधी करतो. दिवाळीला निपाणीला याल तेव्हा कळवा, मी फराळ घेऊन भेटायला येतो.

आपला कृतज्ञ,
खानापूर शाखेतला क्लार्क