नाव दे, मनू

कराड
रविवार, दि. ११ जानेवारी २०२६

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री तू फोनवर विचारलंस, "आई, कॉलेजच्या बोट क्लबात नाव देऊ का?" आणि तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "आधी पॉइंटर बघ तुझा, परीक्षेतले गुण बघ." तू नुसतं "बरं" म्हणालीस. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. त्या "बरं"नं दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर माझा तोल जातो, शिवाय तुझ्या खोलीत बाकीच्या मुली असतात. म्हणून कागद घेतला.

तुझा फोन आला तेव्हा मी काय करत होते, ते आधी सांगते. येत्या गुरुवारी, पंधरा तारखेला, शाळेत राज्य क्रीडा दिन आहे. खाशाबा जाधवांचा वाढदिवस. यंदा त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पुरी होतात. सातवीतल्या एका मुलीला मी भाषण लिहून देत होते. गोळेश्वर आपल्यापासून किती लांब गं? चालत जाता येईल इतकंच. तिथला एक मुलगा १९५२ साली हेलसिंकीला जातो आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन येतो, हे दरवर्षी सांगताना माझा आवाज चढतो. खाशाबांना जायला पैसे नव्हते. वर्गणी गोळा केली, तरी पुरेनात. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. पदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या धरून पैसे उभे केले आणि ते घर सोडवलं.

मी भाषणात नेमकं हेच वाक्य लिहीत होते की एका प्राचार्यानं विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकलं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी तुला "नाही" म्हणाले. फोन ठेवून वहीकडे पाहिलं तर पुढची ओळ लिहवेना. दुसऱ्यांच्या लेकींना हाताला धरून मैदानावर नेणारी मी. "बाई, हिला घरची कामं असतात" म्हणणाऱ्या आयांच्या दारात जाऊन भांडणारी मी. आणि माझी लेक आपणहून विचारते तर मी तिला पॉइंटर दाखवते.

तुला माझी एक गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. मी कॉलेजच्या खो-खो संघात होते, हे तू ऐकलंयस. खेळणं का सुटलं, ते मी कधी बोलले नाही. पळतीला मी बरी होते, खांबावर हूल देणं मला जमायचं. पण माझा जीव बसण्यात होता. मधल्या पाटीवर आठजणी बसतात, एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. पावलांच्या आवाजावरून ओळखायचं. मांड्या भरून येतात, घाम डोळ्यांत उतरतो, तरी हलायचं नाही. मग पाठीवर थाप पडते, "खो!", आणि त्या क्षणी अंगात दुसरं काही शिल्लक राहत नाही. उद्याचा पेपर नाही, घरची कटकट नाही, कोण काय म्हणेल ते नाही. आज माझ्या अंगाची कुरकुर चालते, गुडघे जिना मोजतात, पण ती थाप मला अजून पाठीवर जशीच्या तशी आठवते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती. आबा म्हणाले, "आता पुरे. बी.एड.ला नंबर लागायला हवा." ते वाईट नव्हते, काळजीपोटी म्हणाले. मीही ऐकलं. रोजचा संध्याकाळचा दीड तास वाचला. मनू, तो दीड तास अभ्यासाला गेला नाही. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसायची आणि मैदानावरची शिट्टी ऐकू आली की तेच पान पुन्हा वाचायची. रात्री झोप येईना, सकाळी उठवेना. आदल्या वर्षी ५८ टक्के होते, त्या वर्षी ५७ पडले. खेळ गेला आणि बदल्यात काहीच हाती आलं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आबांना तर नाहीच. ते गेले तेव्हाही माझ्या पोटात हे होतं.

म्हणून पॉइंटरचं मी मागे घेते. तुझ्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल मी पाहिलाय. गणितात मार खाल्लास, हे खरं. पण त्या चार महिन्यांत तू कुठलाही खेळ खेळली नव्हतीस. लेक्चर, प्रॅक्टिकल, मेस, खोली आणि मोबाइल. दिवाळीत घरी आलीस तेव्हा ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चालताना तुला धाप लागली, आणि अठराव्या वर्षी तू कंबरेला उशी घेऊन बसलीस. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तुझे बाबा म्हणाले, "दमलीय पोर, अभ्यास फार असतो." नुसत्या अभ्यासानं माणूस असं दमत नाही. एकाच जागी बसून, एकाच गोष्टीची धास्ती घेऊन दमतं.

आता खरं कारण लिहिते. पॉइंटर हा बहाणा होता. मला पाण्याची भीती वाटली.

२०१९ च्या ऑगस्टात तू सातवीत होतीस. कृष्णा-कोयनेचं पाणी चढत होतं, आणि रात्रभर तू माझा पदर मुठीत धरून बसली होतीस. त्याआधीच्या उन्हाळ्यात काकांनी तुला मळ्यातल्या विहिरीत पाठीला पांगाऱ्याच्या तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून सोडलं होतं आणि चौथ्या दिवशी तू बिंडा सोडून पोहलीस. तेव्हा मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. पुरानंतर मात्र पाणी म्हटलं की मला ती विहीर आठवत नाही, ती रात्रच आठवते. शुक्रवारी तू "बोट" म्हणालीस आणि माझ्या तोंडून "पॉइंटर" निघालं, ते यामुळे. तुझ्यापासून हे लपवायला नको होतं.

काल तुझ्या बाबांच्या मित्राच्या मुलाला फोन केला. तो तुमच्याच कॉलेजचा. त्यानं सांगितलं ते ऐकून थोडा धीर आला. बोट क्लब १९२८चा, म्हणजे आबांच्या जन्माच्याही आधीचा. रेगाटाच्या, म्हणजे क्लबाच्या बोटींच्या सोहळ्याच्या रात्री मशाली पेटवून केलेला नाच, पंट या सपाट बोटींच्या रचना, कयाक या चिंचोळ्या होड्यांचा बॅले, हे सांगताना तो पस्तिशीचा बाप्या अगदी पोरासारखा बोलत होता. मी त्याला विचारलं, "काय मिळालं रे तुला तिथं?" तो म्हणाला, "काकू, एका बोटीत बसलेल्यांना एका तालात वल्हं मारावं लागतं. एक जरी मागेपुढे झाला तरी बोट तिरकी जाते. मला तोवर कुणाबरोबर काही करताच यायचं नाही." हे मला एकदम पटलं. पाटीवर बसणारी बाई आहे मी, मला कळणारच.

तेव्हा नाव दे. खुशाल दे. पण आई आहे, चार गोष्टी सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. पट्टे आवळलेले आहेत का, ते दुसऱ्या मुलीकडून तपासून घ्यायचं. "मला पोहता येतं" हा माज करू नकोस. विहिरीचं पाणी ओळखीचं असतं, नदीचं रोज वेगळं. धरणातून पाणी सोडलंय असं कळलं तर सीनियर कितीही म्हणोत, उतरायचं नाही. आणि पुण्यातल्या नद्यांची अवस्था तू माझ्यापेक्षा जास्त पाहतेस. जलपर्णी आहे, वास आहे. हातापायाला कापलेलं असेल, खरचटलेलं असेल, तर त्या दिवशी पाण्याला शिवू नकोस. लेप्टोच्या तापाचे जंतू जखमेतून सहज शिरतात. बाहेर आलीस की साबणानं स्वच्छ अंघोळ. वल्ह्यानं तळहाताला फोड येतील. ते फोडू नकोस, झाकून ठेव.

पाळीच्या दिवसांचं मोकळेपणानं लिहिते, कारण माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. आम्ही पोटदुखी म्हणून खोटं सांगायचो आणि झाडाखाली बसायचो. तुला बरं वाटत असेल तर पळ, व्यायाम कर, काही बिघडत नाही. पाण्यात जावंसं वाटत नसेल तर जाऊ नकोस, आणि सीनियर ताईला नीट सांग की पाळी आहे. मुलगा विचारत असेल तरी हेच सांग. माझ्या शाळेतल्या सहावीतल्या पोरी आता सरांना तोंडावर सांगतात, आणि मैदानावर यायचं की नाही तेही त्याच ठरवतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

खाण्याचं काय? नाश्त्याची वेळ चुकते म्हणून चहा-बिस्किटावर भागवतेस, हे तुझ्या मैत्रिणीनं मला सांगितलंय. तिच्यावर रागवू नकोस. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. त्या सत्तावन्नात तू आहेस का, ते आधी तपासून घे. हिमोग्लोबिनची साधी तपासणी असते. रक्त कमी असताना वल्हं मारायला गेलीस तर चक्कर येऊन पडशील. शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या पाठवतेय. मेसमध्ये पालेभाजी असेल त्या दिवशी वरून लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस. चहानं भाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही.

तुझी रूममेट म्हणते ना, "मला घाम आवडत नाही"? तिला ओढून नेऊ नकोस. ती एकांकिकेच्या बॅकस्टेजला जाते असं तू म्हणालीस. जाऊ दे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय. त्या तालमींत रात्र रात्र जागून सेट उचलणारी पोरं काही कमी कष्ट करत नाहीत. फक्त तिला रविवारी एकदा वेताळ टेकडीवर घेऊन जा. मोबाइल खोलीवर ठेवा, म्हणजे चढताना बोलणं होईल. पुढच्या महिन्यात जमलं तर सिंहगड. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, पैसे मी देते.

शाळेतली एक गंमत सांगायची राहिली. गेल्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्याचा अंतिम सामना मी वर्गातल्या टीव्हीवर मुलींना पुन्हा दाखवला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. सामना संपल्यावर माझ्या पोरी टीव्हीसमोरून उठेचनात. एकीनं विचारलं, "बाई, तुम्ही का नाही गेलात?" मी म्हणाले, "आमच्या वेळी असं काही नव्हतं." हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी वर सांगितलंय.

आणखी एक. बोट क्लबात सहा महिने गेल्यावर तुला वाटलं की हे आपलं नाही, तर सोडून दे. मला जाब द्यायची गरज नाही. पण परीक्षेच्या भीतीनं सोडू नकोस. परीक्षेच्या आठवड्यात सराव कमी कर, अर्धा कर, नुसती चालून ये. पूर्ण थांबलीस की पुन्हा सुरू करताना पाय जड होतात. मी पंचवीस वर्षं पुन्हा सुरू करतेच आहे.

बाबांशी बोलले. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "तिला विचार, मशालीचं तेल अंगावर सांडत नाही ना." म्हणजे त्यांची तयारी आहे असं समज. तुझ्या खात्यावर दोन हजार टाकलेत. चांगले बूट घे. त्या सपाट चपलांवर पळायला गेलीस तर टाच धरेल. बूट संध्याकाळी घे, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, मग माप चुकत नाही.

रेगाटा मार्चमध्ये असतो असं तो मुलगा म्हणाला. तारीख कळली की लगेच कळव, मला रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं येऊ. काकांनाही आणते, बिंडा त्यांनीच बांधला होता. काठावर नेमकं कुठं उभं राहिलं म्हणजे तुझी बोट दिसेल, तेवढं विचारून ठेव. मला लांबचं हल्ली नीट दिसत नाही, म्हणून डोक्याला काहीतरी लाल बांध.

तुझी,
आई

ता. क. भाषणाची ती ओळ आज पुरी केली. सातवीतल्या मुलीनं पाठही केली. गुरुवारी ती बोलेल तेव्हा रेकॉर्ड करून पाठवते.